कापडाला अंग मिळतं तेव्हा

1968 च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मुमताज एका गाण्यावर नाचते, नारिंगी साडी नेसून. ते गाणं एकदा आवाज बंद करून बघा, नुसतं साडीकडे. कमरेपासून मांड्यांपर्यंत ती अंगाभोवती तिरपी गुंडाळत गेली आहे, प्रत्येक फेऱ्यात काठ पुन्हा वर येतो, आणि खाली पाय मोकळे. मुमताज उड्या मारते, कंबर झटकते, गुडघ्यात वाकते, आणि साडी जिथल्या तिथे. निऱ्या सुटण्याची भीती नाही, कारण ती आतून शिवूनच घेतलेली आहे, चेन लावून चढवायची. साडी सावरण्यात बाईचा एक हात कायम अडकलेला असतो. तो हात इथे सोडवला गेला, आणि तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांना ती साडीच राहिली. हे करणारी बाई कोल्हापूरची. भानू अथैया, माहेरच्या भानुमती राजोपाध्ये.

कपड्यांवर माझं प्रेम आहे. हे मी उघडपणे सांगते, आणि त्यावर येणारा प्रश्नही मला पाठ आहे: “म्हणजे कपाटं भरून वाहत असतील ना?” कपाट एकच आहे. मला वेड आहे ते कपडा कसा झाला याचं. कुठे कापला, कुठे नुसता दुमडला, खांद्यावरून खाली कसा उतरला, माणूस जिना चढायला लागला की त्याचा घेर काय करतो. गाणं ऐकणारा समेची वाट बघतो, तशी मी लोकलच्या दारात उभी राहून अनोळखी बाईच्या पदराचं वळण पूर्ण व्हायची वाट बघत असते. चित्र, शिल्प, गाणं यांना कला म्हणताना कुणी अडखळत नाही. कपड्याची गोष्ट निघाली की ती हौसेच्या खात्यात जाते, नाहीतर खर्चाच्या.

माझं म्हणणं असं, की कपडा ही पुरती कला आहे आणि एका बाबतीत इतर कलांहून अवघड आहे. चित्र भिंतीवर लावलं की चित्रकाराचं काम संपतं. कपडा हँगरवर असतो तेव्हा तो अर्धाच असतो. त्यात कुणीतरी शिरलं, चाललं, बसलं, घामाघूम झालं, धावत गाडी पकडली, की मग कळतं काम जमलं की नाही. आणि ते अंग दर वेळी वेगळं. कुठल्या चित्रकाराला असा कॅनव्हास मिळतो, जो श्वास घेतो आणि वाढत्या वयाबरोबर आकार बदलतो?

भानू राजोपाध्येंचा जन्म 1929 चा. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध. मुलगी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आली, तिथे सुवर्णपदक मिळवलं, आणि 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. सूझा, हुसेन, रझा, गायतोंडे ही नावं ज्या गटाबरोबर घेतली जातात तो हा गट, आणि त्यांच्यात चित्रं मांडणारी ही एकटी बाई. त्याच काळात ती बायकांच्या इंग्रजी मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं काढत होती. ‘ईव्हज वीकली’च्या संपादिकेने बुटीक काढलं, आणि कागदावर काढतेस ते कापडात करून बघ, असं तिला सुचवलं. कापडात ते जमलं. बुटीकमध्ये सिनेमातल्या नट्या येऊ लागल्या आणि तिथून पुढचं सगळं आयुष्य चित्रपटांच्या वेशभूषेत गेलं.

त्यांच्याविषयी लिहिणारे इथे थोडं हळहळतात. चित्रकला सोडली नसती तर आज त्या मंडळींच्या रांगेत असत्या, वगैरे. मला ही हळहळ अजिबात पटत नाही. ‘आम्रपाली’ (1966) साठी त्या अजिंठ्याला गेल्या आणि तिथल्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या बायका आपणही बघून आलो आहोत. पण भिंतीवर चित्र काढणाऱ्याला एकच बाजू काढायची असते. वस्त्राची गाठ मागे कुठे आहे, खाली बसल्यावर ते कसं पडेल, गिरकी घेतली तर काय होईल, हे त्याला दाखवावं लागत नाही. भानू अथैयांना दाखवावं लागलं, कारण वैजयंतीमाला वळणार होती आणि नाचणार होती. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीच्या सपाट भिंतीवरच्या बायकांना त्यांनी पाठ दिली. हे काम चित्रकार असल्याशिवाय होत नाही, आणि नुसतं चित्रकार असूनही होत नाही.

‘गांधी’ (1982) मध्ये काम बरोबर उलट्या दिशेचं होतं. तिथे कपडा कमी कमी होत जायचा होता. लंडनहून शिकून आलेला बॅरिस्टर सुटाबुटात, 1915 ला भारतात परतल्यावर काठेवाडी पागोटं आणि अंगरखा, मग साधा सदरा आणि टोपी, आणि 22 सप्टेंबर 1921 ला मदुराईत तेही उतरवून फक्त पंचा. प्रत्येक टप्पा प्रेक्षकाच्या डोळ्यांना जाणवला पाहिजे, पण कपड्याने पुढे पुढे करून चालणार नाही. त्यात भर म्हणजे सगळं पांढरं. खादीचे पांढरे किती तरी असतात: नव्या सुताचा पिवळसर, धुऊन धुऊन निळसर झालेला, धुळीने मातकट झालेला, उन्हात अंग झिरपू देणारा. रंगांची पेटी बाजूला ठेवून एवढ्या पांढऱ्यांत माणसाचं आयुष्य मांडायचं, याला मी त्यांचं सगळ्यात मोठं काम मानते. नारिंगी साडीवर माझा जीव आहे, तरीही. जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती ती. 2012 मध्ये त्यांनी ती बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडे परत दिली. 2020 मध्ये त्या गेल्या.

एक गोष्ट त्यांच्याबद्दल कमी बोलली जाते. ‘वक्त’ (1965) मध्ये साधनाने घातलेला अंगाबरोबर बसणारा कुडता आणि चुडीदार त्यांचा. तो पडद्यावरून थेट गल्लीतल्या शिंप्याकडे गेला. नटीचा फोटो शिंप्यासमोर ठेवून “अगदी असं शिवा” म्हणणाऱ्या मुली गावोगाव होत्या. शिंपी फोटो बघायचा, मुलीकडे बघायचा, आणि फोटोतला मुंढा जरा उतरवायचा, गळा जरा वर घ्यायचा, घेर तिच्या चालीला पुरेल एवढा ठेवायचा. चित्राची नक्कल केली की ती नक्कलच राहते. कपड्याची नक्कल दुसऱ्या अंगावर गेली की तिथे नवीन कपडा होतो. म्हणून फॅशन ही फक्त पैसेवाल्यांची गोष्ट आहे असं कुणी म्हणालं की मला त्या गल्लीतल्या शिंप्यांची आठवण काढावीशी वाटते. कापडाचा तुकडा, खडू आणि नजर एवढ्या भांडवलावर त्यांनी सिनेमातली कला घराघरात पोचवली.

कपड्याकडे असं बघायला मी शिकले शिवणाच्या वर्गात. आमच्या बाईंनी सुरुवातीलाच प्रत्येकीच्या हातात एक साधा सुती रुमाल दिला. उभ्या धाग्याच्या दिशेने दोन्ही हातांनी ताणा म्हणाल्या. ताणला, तो जागचा हलला नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ताणा. रुमाल लांब झाला, मधे अरुंद झाला, आणि सोडल्यावर हळूच मागे आला. तेच कापड, तेच सूत. फक्त दिशा तिरपी. हे उरेब. गळ्याला, मुंढ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती याच कारणाने. गोलाईवर सरळ पट्टी चुण्या धरते, उरेब पट्टी वळते. ताणा-बाणा काटकोनात असतो तोवर सूत ताणाला अडून राहतं. तिरपं धरलं की चौकोनाची शंकरपाळी होते आणि कापडाला लवचीकपणा येतो, त्यात रबर नसताना. तुम्हीही करून बघा, घरात रुमाल असतोच.

पुढे मादलेन व्हियोने हे नाव वाचनात आलं, तेव्हा त्या रुमालामुळेच ती बाई मला लगेच कळली. तिने 1912 मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान काढलं आणि आपल्याकडे फक्त गळ्याच्या पट्टीपुरतं वापरतात ते उरेब अख्ख्या झग्याला वापरलं. कागदावर नक्षा काढत नसे; अर्ध्या मापाच्या लाकडी बाहुलीवर कापड टाकायची, फिरवायची, टाचण्या लावायची, पुन्हा काढायची. उरेब कापताना कापड फार खातं, म्हणून तिने गिरणीकडून नेहमीपेक्षा दोन वार जास्त पन्ह्याचं क्रेप विणवून घेतलं. तिच्या झग्यांच्या आत अंग आवळणारं कॉर्सेट नसे. कापड स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जायचं आणि अंगाच्या वळणाशी जाऊन थांबायचं. हँगरवर तिचे काही झगे चिंधीसारखे लोंबतात, म्हणून त्यांना दुकानात बघून किंमत करणं अशक्य. अंगावर गेले की त्यांच्याइतकं अचूक काही नाही. नक्कल फार होऊ लागली तेव्हा तिने प्रत्येक कपड्याच्या लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा द्यायला सुरुवात केली. या ठशाकडे मी परत येणार आहे.

कमीत कमी कात्री लावून कापडाला अंगाशी बोलतं करायचं, या ध्यासात व्हियोनेने आयुष्य घालवलं. आणि आपल्या आज्या-पणज्या कात्री न लावता नऊवारी नेसत होत्या. नऊ वारांचा सरळ आयत. गाठ, ओचा, निऱ्या, कासोटा, पदर. बघता बघता त्या आयताचं वस्त्र झालेलं असे, आणि रात्री सोडलं की पुन्हा आयत. तेच लुगडं भात लावताना गुडघ्यावर जाई, घोड्यावर बसताना आड येत नसे, आणि देवळात जाताना घोट्यापर्यंत उतरे. कोळणीचं बघा. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत, घट्ट, मागे आवळलेलं. वरून चोळी आणि फडकी. डोक्यावर ओली पाटी, पायाखाली निसरडी जमीन, आणि कापडाचा एक इंच उगाच लोंबत नाही. त्यात भडक फुलांचं कापड ती निवडते, कारण तिला ते आवडतं. कामाचा आणि नटण्याचा एवढा घट्ट मेळ मी इतर कुठल्या कपड्यात क्वचितच पाहिला आहे. फॅशनच्या पुस्तकांत तिचं पान नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निऱ्यांवरून जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके आठवतो. निरी ही कापडात साठवून ठेवलेली चाल आहे. पाय पुढे पडला की ती उघडते, मागे आला की मिटते. मियाकेने ही गोष्ट कापडातच पक्की करून टाकली. आपण आधी चुण्या घालतो, मग शिवतो; त्याने कपडा हव्या त्या मापाच्या अडीच-तीन पट मोठा शिवला आणि मग कागदाच्या दोन थरांमध्ये घालून उष्णतेने दाबून त्याला बारीक चुण्या पाडल्या. कापड पॉलिस्टरचं, त्यामुळे चुण्या धुतल्यावरही जात नाहीत. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की हे कपडे दुकानात येण्याआधी नाचणाऱ्यांच्या अंगावर गेले. 1991 मध्ये विल्यम फोर्साइथच्या फ्रँकफर्ट बॅलेसाठी त्याने या चुण्यांचे पोशाख केले. नर्तक उडी मारताना चुण्या उघडायच्या, जमिनीवर आला की मिटायच्या. त्यानंतर 1993 मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ बाजारात आलं, रोजच्या वापराला, धुऊन वाळत घालायला सोपं. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा हा माणूस सात वर्षांचा होता आणि तिथेच होता. त्याने आयुष्यभर हलके, आनंदी, माणसाला मोकळं सोडणारे कपडे केले. याबद्दल मला त्याचा फार आदर आहे.

आता एका अशा कपड्याकडे वळते, ज्याला चित्रच म्हणतात. फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने 1965 मध्ये डच चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून झगे केले: पांढऱ्यावर काळ्या जाड रेघा, मधे लाल, निळे, पिवळे चौकोन. फोटोत ते छापील वाटतात आणि त्यामुळे मला ते बरीच वर्षं आवडत नव्हते. चित्र उचलून अंगावर चिकटवण्यात काय आहे असं वाटायचं. पण ते छापील नाहीत. प्रत्येक चौकोन लोकरी जर्सीचा वेगळा तुकडा आहे, प्रत्येक काळी रेघ वेगळी पट्टी, आणि सगळं जोडून घेतलेलं. छातीला, कमरेला आकार द्यायला जे टक्स लागतात ते त्या जोडांत लपवलेले. बघणाऱ्याला सपाट चित्र दिसतं, आतल्या बाईला मात्र कपडा बसलेला असतो. हे कळल्यावर माझं मत पालटलं.

आणि हे कळलं तेव्हा मला येवल्याचा माग डोळ्यांसमोर आला. पैठणीत काठ एका रंगाचा, अंग दुसऱ्या रंगाचं. दोन तुकडे शिवून जोडलेले असावेत असं वाटेल इतकी ती सीमा स्वच्छ असते. पण तिथे शिवण नाही. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा. अंगाचं रेशीम काठाच्या हद्दीपर्यंत येतं, काठाच्या धाग्यात अडकून मागे फिरतं. काठाचा धागाही तसाच वळून आपल्या घरी जातो. दर ओळीला ही गळाभेट, साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. याला कडियल म्हणतात. पदराशी आलं की धोटा बाजूला राहतो. मोराच्या निळ्याची एक छोटी कांडी, गळ्याच्या हिरव्याची दुसरी, चोचीच्या लालची तिसरी, मागे पसरलेल्या जरीची आणखी एक. विणकर ताण्याचे धागे बोटांनी मोजतो, तेवढ्यातून कांडी घालतो, शेजारच्या रंगात अडकवतो, पुढची उचलतो. सगळ्या कांड्या एकदा आपापल्या जागी जाऊन आल्या की एक ओळ झाली. मग फणी ठोकायची. असा मोर पूर्ण व्हायला दिवस जातात. मी मागाशेजारी बसून बघत होते आणि मोराच्या डोळ्याची जागा येऊन गेली तरी मला ती कळलीही नाही, इतकं ते कणाकणाने येतं. चित्रकार मागे सरकून चित्राकडे बघू शकतो. विणकरासमोर जेमतेम वीतभर कापड उघडं असतं, बाकीचं तुळईवर गुंडाळलेलं. पूर्ण पदर तो डोक्यात बघत असतो.

हाताच्या पैठणीची उलट बाजू बघा असं म्हणतात ते याचसाठी. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीतून मागे फिरलेला असतो, त्यामुळे मोर, मुनिया, असावलीची वेल दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे धागे लोंबकळतात नाहीतर कापलेले दिसतात. कपडा अंगावर असताना त्याची कुठलीही बाजू कधीही वर येऊ शकते, वाऱ्याने पदर उलटू शकतो. त्याचा विचार मागावरच झालेला आहे. भौगोलिक मानांकन 2010 मध्ये मिळालं, ते हवंच होतं. पण त्या अंगठ्याच्या ठशाची गोष्ट मला इथे टोचते. महिनोन् महिने बसून पदर विणणाऱ्याचं नाव त्या साडीवर कुठेच नसतं. दुकानाचं नाव पिशवीवर असतं. 30 मार्च 2023 ला मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर दिऑर या फ्रेंच फॅशन कंपनीने आपला फॅशन शो केला. मागे भलंमोठं भरतकामाचं तोरण होतं, मुंबईतल्याच ‘चाणक्य’च्या कारागिरांनी केलेलं. संस्थेचं नाव तरी घेतलं गेलं, ही पुढची पायरी. पण सुई ज्याच्या बोटांत होती त्याचं नाव? चित्राच्या कोपऱ्यात सही असते ती कुणाला खटकत नाही. पदराच्या शेवटच्या दोन बोटांत विणकराचं नाव विणलं, तर पैठणीचं सौंदर्य कमी होईल असं मला तरी वाटत नाही. व्हियोनेला तो हक्क स्वतःला घेता आला, येवल्यातल्या माणसालाही मिळाला पाहिजे.

त्याच सुमारास, एप्रिल 2023 मध्ये, मुंबईत नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये फॅशन पत्रकार हॅमिश बोल्सने मांडलेलं प्रदर्शन होतं: भारतातल्या कापडाने आणि पोशाखांनी पाश्चात्त्य फॅशनला काय दिलं याचं. शनेल, दिऑर, सँ लोराँ यांचे झगे, आपल्या मलमली आणि छिटांचं पुढे काय काय झालं त्याचे पुरावे. मी खूप वेळ फिरले आणि भरून आलं. कपड्यासाठी माणसं तिकीट काढून रांगेत उभी आहेत, हे दृश्यच मला हवं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 2011 मध्ये ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचं प्रदर्शन साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं, तेव्हा जगालाही हे कबूल करावं लागलं होतं. त्याच मॅक्वीनने 1998 मध्ये एका शोच्या शेवटी शॅलम हार्लो या मॉडेलला पांढरा झगा घालून फिरत्या चकतीवर उभं केलं होतं, आणि मोटारी रंगवणारी दोन यंत्रं तिच्यावर पिवळा-काळा रंग फवारत गेली. तो झगा पुढे प्रदर्शनात मांडला गेला. डागांची दिशा बघून कळतं की आतली बाई त्या वेळी हात वर करत होती, अंग आखडत होती. ती बाई वजा केली तर ते डाग नुसते डाग राहतात.

आणि म्हणून प्रदर्शनातून बाहेर पडताना मला अपुरंही वाटतं. पुतळे चालत नाहीत. ते झगे कधी कुणाच्या तरी जिन्यावरून उतरले असतील, त्यांच्यावर काही सांडलं असेल. संग्रहालयाने ते जपावेत, तेच त्याचं काम. हात लागला तर उद्या उरणार नाहीत. पण घरातल्या कपाटाने संग्रहालय होऊ नये. रेशीम घडीत मरतं, हे अनेक घरांनी पाहिलेलं आहे. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी उघडली की बरोबर घडीच्या रेषेवर चिरते. जरीवर अत्तर पडलं की ती काळी पडते, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली की रेशमाला दमट वास येतो. मलमलीत गुंडाळायची, मधूनमधून घडी बदलायची, आणि घडी बदलायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ती नेसायची.

आमच्या आईची पैठणी बहिणीकडे होती. अंजिरी अंग, हिरवा काठ, पदरावर बांगडी मोर. आई गेल्यावर ती कुणी नेसली नाही; जपायची म्हणून ठेवली. परवा काढली तर अंगाचं रेशीम घडी-घडीवर चिरलेलं, पदर मात्र शाबूत, कारण जरीने तो धरून ठेवला होता. बहीण म्हणाली, पदर कापून फ्रेम करू या, दिवाणखान्यात लावू, आईची आठवण राहील. तिच्या म्हणण्यात माया होती, मी समजू शकत होते. भाचीने तो पदर उचलून खांद्यावर टाकला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. काळ्या साध्या शर्टावर. “मावशी, मला हा असाच हवाय. ओढणीसारखा.” बहीण म्हणाली, “अगं, रोज वापरून वाट लागेल त्याची.” भाची म्हणाली, “आई, आजी ती लग्नाकार्यात दिवसभर नेसून वाढपाला उभी राहायची, तूच सांगतेस.” त्यावर बहिणीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडे तर प्रश्नच नव्हता.

अंग आणि पदर वेगळे करताना कात्री मीच लावली. दुसऱ्या कुणाला ते करवलं नसतं. कडा मुडपून घ्यायला शिवणाऱ्या मावशींकडे नेला. त्यांनी अस्तर लावू या का विचारलं. एवढं जुनं कापड, आधार होईल म्हणाल्या. सगळीकडे अस्तर नको, फक्त जिथे खांद्यावर पिन लागते तिथे आतून छोटी पट्टी द्या, असं ठरलं. मग त्यांनी पदर टेबलावर पसरला, एकदा पालथा केला, पुन्हा उलथा केला, चष्मा वर करून जवळून बघितला आणि विचारलं, “ताई, सुलट बाजू कुठली धरू?”

मोरांच्या माना दोन्हीकडून तशाच होत्या. भाचीने कुठलीही धरा म्हणून सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नाला घालायचा आहे, तोवर द्या, एवढी एकच अट घातली.